औषध पेशीपर्यंत आणि माणसापर्यंत

‘कॅन्सरवर आरएनएचे औषध’, ‘नॅनो कणांची कमाल’ अशा बातम्या हल्ली मोबाईलवर फिरत असतात. मालवण तालुक्यातल्या वाड्यांत आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो, तेव्हा घरात रुग्ण असलेली माणसे हमखास विचारतात, “सिस्टर, हे औषध कुठे मिळते? केमो थांबवून तेच घेतले तर?” हा प्रश्न जिवाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपात शरीराचा सगळा मजकूर असतो. त्यातला हवा तेवढा भाग उतरवून घेतलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठीत लिहिलेले प्रथिन पेशी तयार करते. कर्करोगाच्या पेशीत बेसुमार वाढ करायला लावणाऱ्या चिठ्ठ्या फिरत असतात. दुपदरी आरएनए वापरून अशी नेमकी चिठ्ठी नष्ट करता येते, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना २००६ चे नोबेल मिळाले. केमोथेरपीचा मारा वेगाने वाढणाऱ्या चांगल्या पेशींवरही होतो. म्हणून केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी कमी होतात. फक्त रोगी पेशीतली चिठ्ठी फाडता आली तर हा त्रास वाचेल, अशी शास्त्रज्ञांची आशा आहे.

अडचण आहे ती पोचवण्याची. नुसता आरएनए शिरेतून दिला तर रक्तातच त्याचे तुकडे होतात, आणि पेशीचे आवरण त्याला सहज आत घेत नाही. बंदरावर उतरलेला बांगडा बर्फाशिवाय कोल्हापूरला धाडला तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. बर्फ हवा, खोका हवा, गाडी हवी. आरएनएचा हा खोका म्हणजे नॅनो कण. तो बहुधा चरबीसारख्या पदार्थांचा बनवतात आणि केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा असतो. पेशी हा कण गिळते, आतल्या आम्लाने त्याचे वेष्टन सुटते आणि आरएनए बाहेर पडतो. तोही थोडाच, बाकीचा पेशीतच पचून जातो.

शिवाय शिरेतून दिलेले असे बरेचसे कण यकृतात जाऊन अडकतात. म्हणूनच या पद्धतीच्या पहिल्या औषधाला, पॅटिसिरानला, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती कर्करोगासाठी नव्हे. यकृतात बनणाऱ्या सदोष प्रथिनामुळे होणाऱ्या एका आनुवंशिक आजारासाठी ती मिळाली. कर्करोगाची गाठ तोंडात, स्तनात, गर्भाशयाच्या मुखाशी असते. तिथे पुरेसे कण नेणे अवघड असते. मार्क डेव्हिस यांच्या गटाने २०१० मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांत कण गाठीपर्यंत पोचल्याचे दाखवले, पण ते औषध पुढे बाजारात आले नाही.

दुसरी वाट लसीची. यात आरएनए कर्करोगाच्या पेशीत शिरत नाही, तो आपल्या प्रतिकारशक्तीला त्या पेशी ओळखायला शिकवतो. शस्त्रक्रिया झालेल्या त्वचेच्या कर्करोगाच्या १५७ रुग्णांवर अशी चाचणी झाली. नेहमीच्या औषधाबरोबर ही लस दिली, तेव्हा रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला, असे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. लक्षात घ्या, लस नेहमीच्या औषधाबरोबर दिली होती, त्याच्याऐवजी नव्हे. त्यानंतर मोठ्या चाचण्या सुरू झाल्या.

मग आपल्याकडे काय? पुण्याच्या जिनोवा कंपनीने सरकारी अर्थसाहाय्याने कोविडची एमआरएनए लस बनवली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन मान्यता मिळाली. परदेशी लसीला उणे ७० अंशांची थंडी लागत होती. पुण्याची लस २ ते ८ अंशांत, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या लसींच्या फ्रीजमध्ये, राहू शकते. आचरा-देवबागसारख्या गावांसाठी हा फरक फार मोठा आहे. हे ज्ञान महाराष्ट्रात आहे. परंतु आम्ही हे लिहितो तोवर कर्करोगावरच्या अशा आरएनए औषधाला भारतात मान्यता मिळालेली नाही. म्हणून ‘नॅनो’ म्हणून कुणी गोळ्या-पावडर विकायला आले, तर दागिने गहाण टाकू नका. चालू असलेली केमो तर अजिबात सोडू नका.

कुणी नव्या औषधाच्या चाचणीत यायला सांगितले, तर हे विचारा: चाचणीची सरकारी नोंदणी झाली आहे का? संमतीपत्र मराठीत वाचून समजावले का? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? हे आपले कायदेशीर हक्क आहेत. चाचणी मध्येच सोडण्याचाही हक्क आहे.

आणि आज जे हाताशी आहे ते वापरा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव अंगावर काढू नका. मशेरी सोडा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कागदपत्रे आधीच तयार ठेवा.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या रक्ताच्या कर्करोगावरच्या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे, तरी खर्च लाखांतच जातो. आरएनएचे औषध आले तर त्याचेही हेच होऊ नये. कुडाळला गाडी पकडून परळला किंवा बांबोळीला जाणाऱ्या आपल्या माणसाची मजुरीही बुडते, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे औषध योजनेत बसले पाहिजे आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मिळाले पाहिजे. पेशीपर्यंत औषध नेण्याचे काम शास्त्रज्ञ करत आहेत. माणसापर्यंत ते आणायचे, तर मागणी आपल्यालाच करावी लागेल, आणि ती आतापासून.