राज्यसभेची सहावी जागा आणि कोल्हापूरची नावे

कोल्हापुरात निवडणूक तारखेने येत नाही, नावांनी येते. महाराष्ट्रातून जून २०२२ मध्ये राज्यसभेवर भरल्या गेलेल्या सहा जागांची मुदत जुलै २०२८ मध्ये पुरी होईल. त्यांपैकी एक जागा कोल्हापूरच्या वाट्याला आलेली असल्याने 'पुन्हा तेच, की दुसरे कोणी?' हा प्रश्न येथे विचारला जाणे स्वाभाविकच आहे. अशा चर्चेत प्रस्तुत लेखकाला गैर काही वाटत नाही. सार्वजनिक जीवनाविषयी आस्था असल्याचे ते लक्षण होय. तथापि या चर्चेत घराणे, तालीम, साखर कारखाना, दूध संघ या साऱ्यांचा हिशेब होतो, आणि ज्याचा व्हायला हवा त्या आमदारांच्या मतांचा मात्र होत नाही. लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवार मते आणतो, असे निदान म्हणता तरी येते. राज्यसभेच्या निवडणुकीत आधी मते मोजून ठेवलेली असतात आणि मग त्या मतांना शोभेल असे नाव शोधले जाते. या क्रमाकडे दुर्लक्ष करून केलेली भाकिते बहुधा फसतात.

२०२२ सालचीच गोष्ट घ्यावी. त्या वर्षी सहापैकी पाच जागांचा निकाल मतदानापूर्वीच ठरल्यासारखा होता. वाद होता तो सहाव्या जागेचा, आणि त्या एका जागेभोवती एकामागून एक तीन कोल्हापूरकर उभे राहिले. संभाजीराजे छत्रपती हे २०१६ पासून राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. मे २०२२ मध्ये ती मुदत संपताच त्यांनी अपक्ष म्हणून लढण्याचा मनोदय जाहीर केला आणि सर्व पक्षांच्या पाठिंब्याची अपेक्षा व्यक्त केली. शिवसेनेचे म्हणणे असे की, पक्षात या आणि उमेदवारी घ्या. ते त्यांना मानवले नाही. शिवसेनेने आपले कोल्हापूरचे जिल्हाप्रमुख संजय पवार यांना उभे केले आणि संभाजीराजे रिंगणाबाहेर राहिले. भारतीय जनता पक्षाने धनंजय महाडिक यांचे नाव दिले. महाडिक २०१४ साली राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे कोल्हापुरातून लोकसभेवर गेले होते, २०१९ साली पराभूत झाले आणि त्यानंतर भाजपमध्ये आले होते.

त्या दिवसांत गावात मान-अपमानाची भाषा फार झाली. वास्तविक पाहता प्रश्न शिलकेचा होता. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते. एका जागेसाठी ४२ मते धरली, तर संजय राऊत यांना निवडून दिल्यावर पक्षाच्या हाती जेमतेम १३ मते उरत होती. ही शिल्लक एखाद्या अपक्षाला देऊन टाकण्यापेक्षा तिच्या मोबदल्यात पक्षाला आणखी एक स्वतःचा खासदार हवा होता. उलट, पक्षातीत उभे राहायचे तर एकाही पक्षाची मते हक्काची नाहीत, आणि अर्ज भरायलाच दहा आमदार सूचक म्हणून लागतात. दोन्ही बाजूंचे वागणे आपापल्या जागी सुसंगत होते. सौदा जुळला नाही इतकेच.

आता त्या रात्रीचे गणित. ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण पुढील सर्व तर्क त्यावरच उभा आहे. १० जून २०२२ रोजी मतदान झाले. राज्यसभेसाठी महाराष्ट्रात प्रत्यक्ष मतदान होण्याची वेळ तब्बल २४ वर्षांनी आली होती. नवाब मलिक आणि अनिल देशमुख हे तुरुंगात असल्याने मत देऊ शकले नाहीत. शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत निवडणूक आयोगाने बाद ठरवले. वैध मते राहिली २८४. सहा जागा असल्या म्हणजे मतांना सातने भागावयाचे आणि किंचित वर जावयाचे, हा नियम. त्याप्रमाणे विजयाचा कोटा आला ४०.५८. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३ आणि धनंजय महाडिक २७.

सहा मतांनी मागे असलेला उमेदवार निवडून कसा आला? गोयल आणि बोंडे यांच्याकडे कोट्याहून प्रत्येकी ७.४२ मते जास्त होती. ती दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली आणि त्यांची बेरीज ४१ च्या पुढे गेली. पवारांच्या बाजूला काँग्रेसची शिल्लक ३.४२, राष्ट्रवादीची २.४२ आणि राऊतांची अवघी ०.४२. ही सारी त्यांच्याकडे आली असे धरले, तरी बेरीज ३९.२६ वर थांबते. आघाडीतील प्रत्येक पक्षाने आपापल्या पहिल्या उमेदवाराची काळजी घेतली. संजय पवारांच्या वाट्याला उरलेसुरले आले. भाजपने शिल्लक मुद्दाम पिकवली आणि एकाच ठिकाणी गुंतवली. सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त वर्गात शिकवताना आम्ही पोळी आणि भुकेचे उदाहरण देतो. यापुढे या मतमोजणीचे द्यायला हरकत नाही.

अर्थात पवारांच्या ३३ मतांना आणखी एक पदर आहे. लहान पक्ष आणि अपक्ष मिळून २९ आमदार होते, आणि ज्यांच्यावर आघाडीने भिस्त ठेवली होती त्यांच्यापैकी काही फिरले. पक्षाच्या आमदाराला या निवडणुकीत आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. अपक्षावर ते बंधन नाही. म्हणजे पहिल्या पाच जागा उजेडात ठरतात आणि सहावी अंधारात. पुढे दहा-बारा दिवसांतच एकनाथ शिंदे यांचे बंड झाले आणि २९ जून रोजी उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला.

२०२८ चा हिशेब

जुलै २०२८ च्या जागांसाठी मतदार म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आलेली विधानसभा. त्या निकालात भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवार यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या राष्ट्रवादीला ४१, ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार यांच्या पक्षाला १० जागा मिळाल्या. पोटनिवडणुका आणि पक्षांतरे यांनी हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. आपल्या राज्यात 'थोडे' हा शब्द जपूनच वापरलेला बरा. पण सर्व २८८ मते वैध धरली तर कोटा येतो ४१.१५. भाजप स्वबळावर तीन सदस्य निवडून देऊन साडेआठ मते शिल्लक टाकू शकतो. शिंदे यांच्या पक्षाचा एक, आणि जवळजवळ सोळा मते शिल्लक. राष्ट्रवादीची गंमत अशी की ४१ आमदार असूनही ती कोट्याला एका मताच्या अंशाने कमी पडते. मित्रांची मदत घेतल्यावाचून तिचा एकही सदस्य जाऊ शकत नाही. विरोधकांचे तिन्ही मोठे पक्ष मिळून ४६, म्हणजे एकच जागा.

२०२२ साली निवडून आलेल्यांपैकी राऊत आणि प्रतापगढी या दोघांची मुदत एकाच वेळी संपते, आणि त्या दोघांच्या बाजूला मिळून जागा एक. त्यात शरद पवारांच्या पक्षाच्या दहा मतांनाही काहीतरी किंमत हवी असणार. कोल्हापुरातील काँग्रेस कार्यकर्ता उद्या सतेज पाटील यांचे नाव घेईल. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले होते, आणि तीही मुदत सहाच वर्षांची. नाव वजनदार आहे. मात्र २०१९ साली जिल्ह्यातून काँग्रेसचे चार आमदार आले होते आणि २०२४ साली एकही आला नाही, हे पक्षश्रेष्ठी विसरणार नाहीत. सोळा मतांच्या पक्षाला तीस मतांच्या मित्रांकडे जागा मागावयाची असेल, तर ती जिल्ह्याच्या नावाने मागता येत नाही.

खरी चर्चा भाजपच्या तिसऱ्या जागेची व्हावयास हवी. २०२२ चे त्यांचे सदस्य तीन. त्यांपैकी गोयल २०२४ साली लोकसभेवर गेले आणि रिकामी झालेली जागा मित्रपक्षाच्या वाट्याला जाऊन साताऱ्याचे नितीन पाटील निवडून आले. उरले बोंडे आणि महाडिक. महाडिकांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. २०२४ साली कोल्हापूरची लोकसभेची जागा काँग्रेसचे शाहू छत्रपती यांनी जिंकली आणि हातकणंगलेची शिंदे यांच्या शिवसेनेने. जिल्ह्यात भाजपचा संसदेतील पाय राज्यसभेतच आहे. विरुद्ध बाजूचा मुद्दा असा की, २०२८ नंतर वर्षभरात लोकसभेची निवडणूक येते. लोकसभा लढवू शकेल अशा माणसाला सहा वर्षांची निवांत जागा द्यावी, की त्याला मैदानासाठी राखून ठेवावे, हा प्रश्न पक्षापुढे येईलच. शिवाय, बाहेरून आलेल्यांना पंक्तीत पुढचे पान आणि जुन्या कार्यकर्त्यांना वाढपाचे काम, ही कुरबूर जिल्ह्यात नवी नाही. इचलकरंजीत २००९ आणि २०१४ साली पक्षाला जागा मिळवून देणाऱ्या सुरेश हाळवणकरांच्या वाट्याला २०२४ ची उमेदवारी आली नाही. ती राहुल आवाडे यांना मिळाली. अशा कार्यकर्त्यांचे समाधान करण्यासाठी राज्यसभा वापरली जाईल का? प्रस्तुत लेखकाचा अंदाज, नाही. तिसरी जागा दिल्लीच्या गरजेप्रमाणे ठरेल. एखाद्या केंद्रीय मंत्र्याला घर हवे असेल, तर ते घर महाराष्ट्रात सापडेल.

घर कोणाचे?

तसे ते सापडू शकते, कारण २००३ साली कायदा बदलला. तोपर्यंत राज्यसभेचा उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असणे आवश्यक होते. ती अट काढण्यात आली आणि त्याच दुरुस्तीने मतदान उघड करण्यात आले. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. उघड मतदानामागचे कारण महाराष्ट्राला ठाऊक होते. १९९८ साली गुप्त मतदानात काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान यांना स्वपक्षीयांनीच पाडले होते. पण रहिवासाची अट गेल्यामुळे तामिळनाडूचे चिदंबरम महाराष्ट्रातून गेले, महाराष्ट्राचे सुरेश प्रभू हरियाणातून आणि पुढे आंध्रातून गेले, आणि उत्तर प्रदेशातील प्रतापगढी पुन्हा महाराष्ट्रातून. यांपैकी कोणाच्याही योग्यतेबद्दल येथे शंका घ्यावयाची नाही. पण घटनाकारांनी ज्या सभागृहाला 'राज्यांची परिषद' या अर्थाचे नाव दिले, त्यात राज्य कोठे राहिले?

अमेरिकेत सिनेटचे सदस्य १९१३ पर्यंत राज्यांची विधिमंडळेच निवडत. माँटानातील तांब्याच्या खाणींचा धनी विल्यम क्लार्क याने आमदारांना पैसे चारल्याचे उघड झाले आणि १९०० साली त्याला जागा सोडावी लागली. डेलावेअरमध्ये भांडणापायी दोन्ही जागा काही काळ रिकाम्या राहिल्या. शेवटी घटनादुरुस्ती करून निवड थेट मतदारांकडे देण्यात आली. तेथे आज पक्षाचा उमेदवार कोण, हेही बहुतेक राज्यांत पक्षाच्या मतदारांच्या प्राथमिक निवडणुकीने ठरते. म्हणून तेथल्या वृत्तपत्रांत नावांचा तर्क रंगतो, तेव्हा वाचकाला त्या तर्कावर मत देण्याची संधी असते. आपल्याकडे पदवीधर आणि शिक्षक यांना विधान परिषदेपुरते मत आहे. राज्यसभेच्या बाबतीत प्राध्यापक आणि पानपट्टीवाला दोघेही सारखेच प्रेक्षक.

प्रेक्षकाला तरी यात काय मिळवावयाचे आहे? पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला हे विचारू नये. २०१९ आणि २०२१ चे महापूर येथे कोणी विसरलेले नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या २०१० च्या निवाड्याने कर्नाटकाला अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली. त्या फुगवट्याचा आपल्या पुराशी संबंध किती, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण हा दोन राज्यांमधला प्रश्न आहे यात मतभेद नाही, आणि राज्यांची परिषद असते ती अशाच प्रश्नांसाठी. अडचण अशी की, भाजप काय आणि काँग्रेस काय, दोघांचीही मते कृष्णेच्या दोन्ही तीरांवर आहेत. अशा पक्षाच्या बैठकीत उठून शिरोळ आणि करवीरची बाजू मांडील, असा सदस्य हवा असेल तर त्याने ते पाणी उंबऱ्याशी आलेले पाहिलेले असावे. रहिवासाच्या अटीचा अर्थ माझ्या मते एवढाच होता.

२०२२ साली अर्ज भरण्याची मुदत ३१ मे रोजी संपत होती. भाजप आणि काँग्रेस यांची नावे अगदी अखेरच्या दोन-तीन दिवसांत बाहेर आली. २०२८ सालीही बहुधा तसेच होईल, आणि नावे आल्यावर बोलण्यासारखे काही उरणार नाही. दरम्यान सभागृहात कोणी किती प्रश्न विचारले, कशाविषयी विचारले, किती दिवस हजेरी लावली, याची नोंद राज्यसभा सचिवालय प्रसिद्ध करते आणि ती कोणालाही पाहता येते. राज्यशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या दहा विद्यार्थ्यांनी एका सुटीत महाराष्ट्रातील १९ सदस्यांच्या प्रश्नांची वर्गवारी केली, तर अलमट्टी, ऊसदर आणि कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे हे शब्द त्यांत कितीदा आले आणि कोणाच्या नावापुढे आले, हे आपल्याला नावे जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी समजेल.