महाविद्यालयाचे पहिले वर्ष आणि व्यापारी बंधू

तेरेखोल गाव गोव्याचे खरे. परंतु ते नदीच्या उत्तर तीरावर वसलेले असल्यामुळे उर्वरित गोव्यात यावयाचे तर केरीची फेरीबोट गाठावी लागते, अथवा खुष्कीने सिंधुदुर्ग जिल्ह्यातून वळसा घ्यावा लागतो. तेथील विद्यार्थ्याने विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयात नाव घातले, तर आधी फेरी व मग बस. एक फेरी चुकली की पहिला तास बुडाला. असे तास बुडत गेले की हजेरी भरत नाही. ज्या घरातील कोणी पूर्वी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तेथे हजेरीचा नियम, वर्गचाचणीचे गुण, सत्र परीक्षा यांचा अर्थ सांगणार कोण? मुलगा मागे पडतो तो पुष्कळदा बुद्धीच्या उणिवेने नव्हे, माहितीच्या अभावाने.

गोवा १९६१ साली मुक्त झाला. पणजीचे धेंपे व मडगावचे चौगुले ही महाविद्यालये १९६२ साली निघाली. तेव्हा ही 'पहिली पिढी' आपणांसही परकी नाही.

या बाबतीत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण आपल्या समाजाने विशेष ध्यानी घ्यावे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेथेही 'कमवा व शिका' हेच सूत्र होते. आधी निवारा व जेवण, मग पुस्तक, हा त्यांचा क्रम होता. धान्याच्या व्यापाऱ्यास तो सांगावा लागू नये!

आपण मात्र निकालानंतर सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. शेतकऱ्यास उधारी पेरणीपूर्वी लागते, मळणीनंतर नव्हे. शिष्यवृत्ती मंजूर होऊन हाती पडेपर्यंत प्रवास, पुस्तके व शुल्क यांचा खर्च थांबत नाही. त्या मधल्या महिन्यांपुरती रक्कम बिनव्याजी द्यावी. पेढीवर काम द्यावयाचे तर ते सुटीच्या दिवशी द्यावे. तासांच्या वेळी हिशेब लिहावयास बसविणे हे साहाय्य नव्हे. आपल्या घरच्या पदवीधर मुलामुलींनी पहिल्या चाचणीनंतर त्या विद्यार्थ्याबरोबर तासभर बसून गुणपत्रक वाचावे. फेरीच्या वेळा व तासांच्या वेळा एकाच कागदावर मांडून तो त्याच्या घरी भिंतीस लावून दिला, तरी पहिल्या सत्रातील बराच घोळ मिटतो.