नाट्यशाळांची प्रतवारी आणि पालकांचा वाद

सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेलें धडगांव हें नंदुरबार जिल्ह्यांतील अक्राणी तालुक्याचें मुख्य ठिकाण होय. तेथें आगगाडी पोंचत नाहीं. शहाद्याहून अगर तळोद्याहून घाट चढून मोटारीनें जावें लागतें. अशा गांवांतील एका घराची कल्पना करावी. वडील आश्रमशाळेंत शिक्षक, आई घर आणि थोडीशी शेती सांभाळणारी, घरांतील बोली पावरी. मोठा मुलगा बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. जळगांवच्या विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवांत एकांकिकेंत काम करून तो परत आला, आणि आपणांस अभिनयाचें रीतसर शिक्षण घ्यावयाचें आहे असें त्यानें घरीं सांगितलें. नाशिकला नोकरीस असलेले मामा सुटींत आलेले आहेत. जेवणें आटोपतात, आणि वादाला आरंभ होतो.

ह्या वादाचा विषय मोठा चमत्कारिक आहे. मुलानें नट व्हावें कीं होऊं नये, हा जुना वाद तेथें फारसा नसतो. त्याची जागा आतां दुसऱ्याच प्रश्नानें घेतली आहे: पहिल्या क्रमांकाची संस्था कोणती? मामांच्या मतें दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाखेरीज सर्व व्यर्थ. वडिलांनीं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचें नांव ऐकलेलें असतें. मुलाच्या मनांत पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र, नाहीं तर मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी असते. आई विचारते, ह्यांपैकीं जवळची कोणती? सर्वांत शहाणा प्रश्न तिचाच असतो, पण त्याकडे कोणी लक्ष देत नाहीं.

पुण्यामुंबईच्या बैठकींतहि हाच वाद ह्याच शब्दांत चालतो. फरक इतकाच, कीं शहरांतील पालकाची निवड चुकली तर मुलाचें एक वर्ष जातें. धडगांवच्या घरांत चूक झाली, तर घरांतील एकुलत्या एका पदवीधराची नोकरीची वेळ टळून जाते.

प्रथम क्रमांकाची गोष्ट घ्यावी. केंद्र सरकारनें उच्च शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावण्याची योजना २०१५ सालीं आंखली व पहिली यादी २०१६ सालीं प्रसिद्ध केली. त्या यादींत अभियांत्रिकी आहे, वैद्यक आहे, कायदा आहे, औषधनिर्माण आहे, शेतकीहि आहे. परंतु नाट्य किंवा अभिनय ह्यांचें स्वतंत्र सदर नाहीं. विद्यापीठांचे क्रमांक लागतात ते संबंध विद्यापीठाचे. पुण्याच्या विद्यापीठाचा क्रमांक वर गेला, तर त्याचें कारण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत असूं शकेल. त्यावरून ललित कला केंद्रांतील रंगमंचावर काय चाललें आहे ह्याचा बोध व्हावयाचा नाहीं. शिवाय ह्या यादीच्या गुणदानांत शंभरांपैकीं दहा गुण निव्वळ लौकिकाला आहेत. विद्वानांस व नोकऱ्या देणारांस त्यांचें मत विचारून ते ठरवितात. म्हणजे लौकिकावरून कांहीं अंशीं क्रमांक ठरतो, आणि क्रमांकावरून पुन्हां लौकिक वाढतो. मामांनीं कोठें तरी ‘भारतांतील दहा सर्वश्रेष्ठ अभिनयशाळा’ अशी यादी वाचलेली असते. ती कोणी केली व कशावरून केली, हें विचारण्याचा प्रघात आपल्याकडे अद्याप पडलेला नाहीं.

मग लौकिक येतो कोठून? बहुतेक घरांत त्याचें माप एकच असतें: तेथून कोण बाहेर पडलें? दिल्लीचें विद्यालय संगीत नाटक अकादमीनें १९५९ सालीं काढलें. पुण्याची चित्रपटसंस्था १९६० सालीं प्रभात स्टुडिओच्या जागेंत सुरू झाली. दोन्ही ठिकाणांहून नामवंत नट बाहेर पडले, ह्यांत शंका नाहीं. परंतु नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी ह्यांचेंच उदाहरण पाहावें. हे दोघेहि आधीं दिल्लीच्या विद्यालयांत शिकले आणि नंतर पुण्याच्या संस्थेंत गेले. त्यांच्या यशाचें श्रेय कोणाच्या खात्यावर मांडावयाचें? दिल्लीचे अभिमानी तें दिल्लीला देतात, पुण्याचे पुण्याला; आणि हीं दोन नांवें दोन्ही याद्यांत शिरोभागीं झळकतात.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दिल्लीच्या विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. प्रवेशासाठीं उमेदवार पदवीधर हवा, त्यानें किमान सहा नाटकांत भाग घेतलेला हवा, आणि त्यास हिंदी व इंग्रजी कामापुरती यावयास हवी. पहिली परीक्षा निरनिराळ्या शहरांत होते; त्यांतून निवडलेल्यांना दिल्लीस कार्यशाळेसाठीं बोलावून कांहीं दिवस पारखतात. संबंध देशांतून शेवटीं जे घेतात ते सुमारें तीस. एवढ्या चाळणींतून खालीं उतरलेला मुलगा पुढें नामवंत झाला, तर तो शिक्षणानें झाला कीं मुळांतच तसा होता म्हणून निवडला गेला, हें सांगणें अवघड आहे. चाळणी बारीक असणें हा शाळेचा गुण खरा. पण तो शिकविण्याचा गुण नव्हे. पालक ह्या दोहोंची गल्लत करतात, आणि शाळाहि ती दूर करण्याची विशेष घाई करीत नाहींत.

वादांत उलट बाजूचीं उदाहरणेंहि लगेच निघतात. डॉ. श्रीराम लागू कान, नाक व घसा ह्यांचे शस्त्रवैद्य होते, डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत असत. त्यांचें नांव निघालें कीं खानदेशांतल्या घरांत थोडी आपुलकीची लहर येते, कारण त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, म्हणजे शेजारच्याच तालुक्यांतले म्हणावयाचे. ‘त्या कोणत्या शाळेंत गेल्या होत्या?’ असें वडील विचारतात, आणि मामा क्षणभर गप्प बसतात. परंतु ह्या युक्तिवादांतहि फसगत आहेच. न शिकतां यशस्वी झालेले चार आपणांस दिसतात. न शिकल्यामुळें मागें राहिलेले दिसत नाहींत. लागूंनीं तर डॉक्टरी करतां करतां पुण्याच्या हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षें कामें केलीं होतीं व मगच १९६९ च्या सुमारास ते पूर्ण वेळ नाटकाकडे वळले. ती त्यांची शाळाच होती. तिला फक्त पाटी नव्हती.

शाळेचा लौकिक हा बहुधा पंचवीस वर्षें जुना असतो, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. इब्राहिम अल्काझी १९६२ पासून १९७७ पर्यंत दिल्लीच्या विद्यालयाचे संचालक होते. त्या काळीं त्यांनीं घातलेल्या शिस्तीच्या कथा अजून सांगितल्या जातात; पण आज प्रवेश घेणाऱ्या मुलाला शिकविणारे कोणी निराळेच असणार. पुण्याच्या संस्थेंत तर अभिनयाचा अभ्यासक्रम मध्यें पुष्कळ वर्षें बंदच होता. तो २००४ सालीं पुन्हां सुरू झाला. शबाना आझमी आणि जया भादुरी ह्यांचा दाखला देऊन जो आजच्या अभ्यासक्रमाची थोरवी सांगतो, तो वस्तुतः दुसऱ्याच अभ्यासक्रमाविषयीं बोलत असतो. ललित कला केंद्र १९८७ सालीं निघालें. सतीश आळेकर ह्यांच्या कारकीर्दींत त्याला जें रूप आलें, त्याची छाप अजून लोकांच्या मनावर आहे. मुंबईची अकादमी त्या मानानें तरुण. ती २००३ सालीं वामन केंद्रे ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाली, आणि पुढें तेच दिल्लीच्या विद्यालयाचे संचालक झाले. म्हणजे ज्या दोन शाळांत उच्चनीच ठरविण्यासाठीं पालक भांडतात, त्यांचे गुरुजन एकीकडून दुसरीकडे जात-येत असतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतील नाट्यशास्त्र विभागाचें नांव धडगांवच्या वादांत सहसा निघत नाहीं. वास्तविक मराठी रंगभूमीला त्या भागानें दिलेले लेखक व दिग्दर्शक थोडे नाहींत.

पूर्वीं हा वाद नव्हता, कारण शाळाच नव्हत्या. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं नाटक उभें केलें, तेव्हांपासून पाऊणशें-शंभर वर्षें नाटक कंपनी हीच नटाची शाळा होती. बालगंधर्व १९०५ सालीं किर्लोस्कर कंपनींत गेले, ते कोणत्याहि पदविकेसाठीं नव्हे. मुलगा कंपनींत पळून गेला, ही त्या काळीं घराण्याची नाचक्की समजली जाई. आज त्याच घराण्यांचे नातू ‘कोणत्या संस्थेंत?’ असें अभिमानानें विचारतात. परदेशांत हें स्थित्यंतर आधींच झालें. लंडनची प्रसिद्ध नाट्य अकादमी १९०४ सालची. अमेरिकेंत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेनें नाट्यविषयांत पदवी देण्यास १९१४ सालीं प्रारंभ केला. तिकडच्या पालकांतहि याद्यांवरून कडाक्याचे वाद होतात; तेथें फीचे आंकडे मोठे असल्यामुळें त्यांस धार अधिक.

धडगांवच्या घरांत मात्र फीचा आंकडा क्रमांकाहून निराळ्या रीतीनें बोलतो. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते; शासकीय वसतिगृहांत जागा न मिळाल्यास ‘स्वयंम्’ योजनेखालीं निवासाचा व भोजनाचा खर्च मिळूं शकतो. परंतु ह्या सवलती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला असतात. विद्यापीठाची पदवी त्यांत बसते. मुंबईंतील एखाद्या नामांकित खासगी वर्गाचें सहा महिन्यांचें प्रमाणपत्र बसत नाहीं, मग त्या वर्गाच्या भिंतीवर कितीहि ताऱ्यांचीं छायाचित्रें टांगलेलीं असोत. दिल्लीच्या विद्यालयांत विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळतें, आणि राखीव जागाहि आहेत. तेव्हां ज्या संस्था महागड्या वाटतात त्या गरीब घराला स्वस्त, आणि ज्या सुलभ वाटतात त्या महाग, असा उलटा हिशेब निघतो. हा हिशेब कागदावर मांडला म्हणजे वडिलांचा आवाज खालीं येतो. मुलगी असती तर त्यांनीं आधीं वसतिगृहाची चौकशी केली असती. वास्तविक मुलासाठींहि ती तितकीच करावयास हवी.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो कोणत्याच यादींत येत नाहीं. ह्या मुलाची मातृभाषा पावरी. मराठी तो शाळेंत शिकला, हिंदी बाजारांत व चित्रपटांतून, इंग्रजी पुस्तकांतून. दिल्लीचा रंगमंच हिंदीचा. पुण्याच्या परीक्षकांपुढें मराठी स्वगत म्हणतांना आपले उच्चार ‘गांवठी’ ठरतील, ही धास्ती त्याला अधिक वाटते. शुद्ध उच्चाराचा आग्रह आपल्या रंगभूमीवर जुना आहे व तो सर्वस्वीं चुकीचाहि नाहीं. परंतु चांगली शाळा मुलाची बोली खरवडून काढीत नाहीं, ती त्याला दुसरी एक बोली जोडून देते. कोणती शाळा ह्यांपैकीं काय करते, हें तेथें शिकणाऱ्या, दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या विद्यार्थ्यालाच विचारलें पाहिजे.

प्रवेश-अर्जांतील सहा नाटकांची अट वाचून घरांत जरा हंशा पिकतो. महोत्सवांतल्या एकांकिका मोजून मुलाच्या तीन होतात. पण सातपुड्यांत होळीच्या आधीं भोंगऱ्या बाजार भरूं लागले कीं बाव्यांची तयारी सुरू होते. अंगावर राखेचे पट्टे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे व घुंगरू असा त्यांचा थाट असतो. ते व्रत पाळतात, खाटेवर निजत नाहींत, आणि गांवोगांवच्या होळ्यांत रात्र रात्र नाचतात. मुलाचे काका कित्येक वर्षें बावा होत आले आहेत. नवापूर-नंदुरबारकडे सोंगाड्या पार्ट्या रात्रभर सोंगें करून लोकांस हंसवितात. श्वास कसा पुरवावा, थकलेल्या अंगानें लय कशी सांभाळावी आणि हजार माणसांचें लक्ष कसें धरून ठेवावें, हें ज्यांस तीन वर्षांत शिकवावयाचें असतें, त्यांना ही विद्या परकी वाटूं नये. तरी अर्जाच्या त्या रकान्यांत तिचें काय लिहावयाचें, हें घरांत कोणालाच सुचत नाहीं.

तेव्हां पालकांनीं विचारावें तरी काय? वर्षांतून विद्यार्थी किती प्रयोग करतात, आणि त्यांत प्रत्येकाच्या वांट्याला खरें काम किती येतें. आवाज, शरीर, प्रकाशयोजना, नेपथ्य हे विषय कायमचे शिक्षक शिकवितात, कीं चार पाहुणे येऊन व्याख्यानें देऊन जातात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, प्रसिद्ध न झालेले विद्यार्थी आज काय करीत आहेत. कोणी शाळेंत नाट्यशिक्षक झाला असेल, कोणी प्रकाशयोजनेचीं कामें घेत असेल, कोणी आवाज देण्याच्या धंद्यांत, कोणी बालनाट्यांत. आणि कोणी हें सर्व सोडून बी. एड्. करून स्वस्थ बसला असेल. एका वर्गांतील पंधरा जणांची अशी हकीकत मिळाली, तर दहा याद्यांचें काम होतें. ती छापलेली मिळत नाहीं. जाऊन विचारावी लागते. विद्यार्थ्यांचे प्रयोग बहुधा बाहेरच्या प्रेक्षकांनाहि पाहतां येतात, आणि दोन तास प्रेक्षागृहांत बसलें असतां शाळेविषयीं जें कळतें तें माहितीपुस्तकांत सांपडत नाहीं.

मामा शेवटीं इतकें कबूल करतात, कीं पुण्यास जाऊन एक प्रयोग पाहण्यास हरकत नाहीं. आई म्हणते, आपणहि बरोबर येणार; मुलगा पाहतो तें तिलाहि पाहावयाचें आहे. मग नंदुरबारपर्यंतची पहाटेची गाडी किती वाजतां सुटते, ह्यावर नवा वाद सुरू होतो.