पहिलं अक्षर कुठे गेलं?

अ‍ॅनालॉग वॉकीटॉकीवर ‘पंचवीस’ म्हटलं आणि डिजिटल ट्रंक्ड सेटवर नुसतं ‘वीस’ ऐकू आलं, तर दोष बहुधा आवाजाचा नसतो, वेळेचा असतो. ट्रंकिंगमध्ये बटण दाबताच बोलणं सुरू होत नाही. आधी कंट्रोल चॅनेलवर विनंती जाते, मोकळा चॅनेल मिळतो, मग आवाज निघतो. अ‍ॅनालॉग बाजूला सबटोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर) ओळखण्यातही पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. दोन्ही उशिरांची बेरीज म्हणजे तुमचं ‘पंच’.

उपाय या दोन यंत्रणांना जोडणाऱ्या गेटवेत आहे: चॅनेल मिळेपर्यंत आवाज थोडा रोखून धरायचा. व्हॉक्स मात्र टाळाच, कारण तो आवाज आल्यावरच जागा होतो. त्याऐवजी स्क्वेल्च उघडल्याच्या सिग्नलवर ट्रान्समीटर चालू करा. सगळे चॅनेल भरलेले असतील, तर हाही इलाज तोकडाच.

अक्षरं पोचतात पण फाटून येतात, तो आजार वेगळा. गेटवेत शिरणाऱ्या आवाजाची पातळी जास्त असते. फाटलेला आवाज पी-२५ या डिजिटल रेडिओ-मानकाचा व्होकोडर (आवाज डिजिटल करणारा भाग) सुधारत नाही, आणखी चिरडतो. पातळी कमी करा, चाचणी खऱ्या बोलण्यावर घ्या.

आणि तोवर बटण दाबून सेकंदभर थांबा, मग बोला.