खजाना विहीर कोणी खोदली?

बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर याने तिची आखणी केली, असे सांगतात. विहिरीला तीन भुयारी कालवे आहेत. दोन कालवे पाणी आणतात, तिसरा ते शेतीकडे नेतो. मोट नाही, इंजिन नाही. जमिनीचा उतार ओळखून पाणी खेळविले आहे. दुष्काळी जिल्ह्यातील माणसाने मुद्दाम जाऊन पाहावी अशीच ही वास्तू आहे.

दोन नावे आपल्याला कळली. पण जमिनीखाली वाकून खडक फोडला कोणी? मातीच्या पाट्या वर कोणी आणल्या? त्यांचे नाव कोणी सांगत नाही.

जिल्ह्यात इतरत्रही हेच दिसते. धारूरचा किल्ला म्हटले की आदिलशाही सरदार किश्वरखान. राक्षसभुवन म्हटले की १७६३ साली माधवराव पेशव्यांनी केलेला निजामाचा पराभव. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती आपण पाहतो, पण छिन्नी धरणारा हात अनामिकच राहतो.

खुणा फक्त राजांच्याच जपाव्यात असे थोडेच आहे? अमेरिकेत चेरोकी या मूळनिवासी लोकांना १८३८-३९ मध्ये सरकारने त्यांच्या भूमीतून हुसकावले. हजारो माणसे दगावली. त्या वाटेला 'अश्रूंची वाट' म्हणतात. १९८७ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला आणि ठिकठिकाणी फलक लागले. हाकलून दिलेल्यांची आठवणही अशी जपता येते.

आणि आपल्या घरची आठवण? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो कुटुंबे सरकारी कामावर होती. आयाबायांनी खडी फोडली, डोक्यावर पाट्या वाहिल्या. त्यातून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. आपल्या गावाजवळचा असा तलाव हीसुद्धा ऐतिहासिक खूणच आहे.

तेव्हा ऊसतोडीचा पट्टा पडून घरी आलात की मुलांना खजाना विहीर जरूर दाखवा. आणि संध्याकाळी म्हातारीजवळ वही घेऊन बसवा. ती कोणत्या कामावर होती, सोबत कोण होते, मजुरी काय मिळायची, हे तिच्या तोंडून लिहून घ्या. विहीर खोदणाऱ्यांची नावे आता मिळणार नाहीत. तलाव बांधणाऱ्यांची अजून मिळतील.