शाळेला तुमचे दोन तास हवेत

न्यू जर्सी, सप्टेंबरअखेर

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असणारी कामगार दिनाची सुट्टी संपली की आमच्याकडच्या शाळा उघडतात आणि आठवडाभरात पालकांकडे एक तक्ता येतो. पुस्तक प्रदर्शन, मंगळवार, साडेनऊ ते साडेअकरा: गल्ल्यावर एक जण, विस्कटलेली पुस्तकं परत लावायला दोघं. वर्गाचे फोटो काढायचा दिवस: रांग लावायला आणि पोरांचे भांग नीट करायला तिघं. भोपळ्याच्या मळ्यातली सहल: प्रत्येक वर्गामागे चार पालक. फॉल फेस्टिव्हल, शनिवार दुपार: टेबलं मांडायला सहा, टेबलं उचलायला सहा. पुढे रिकामे चौकोन. ज्याला जे जमेल त्यात त्याने नाव टाकायचं. मांडणाऱ्यांची नावं दोन दिवसांत भरतात, उचलणाऱ्यांची शेवटपर्यंत भरत नाहीत. याबाबतीत अमेरिका आणि धाराशिवमधला आमचा कळंब तालुका यांत मला काही फरक आढळलेला नाही.

तक्ता पाठवते ती शाळा नव्हे, पालक-शिक्षकांचा संघ. इथे त्याला पीटीए म्हणतात. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ॲलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी मातांची परिषद भरवली, त्यातून हा संघ उभा राहिला. कल्पना बर्नीबाईंची, पैशाचा भार फीबीबाईंचा. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या त्या आई. दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, म्हणून पालकांचा संघही वेगळा काढावा लागला. सेलेना स्लोन बटलर यांनी अटलांटात सुरू केलेलं ते काम १९२६ मध्ये राष्ट्रीय संघटनेपर्यंत पोचलं, आणि दोन्ही संघ एक व्हायला १९७० साल उजाडलं. आज कित्येक शाळांनी राष्ट्रीय संघाशी नातं न ठेवता आपापला स्वतंत्र संघ काढला आहे. वर्गणीतला वाटा वर पाठवायचा नाही, हे त्यामागचं एक साधं कारण. आपल्याकडच्या पतसंस्थांच्या सभासदांना हे लगेच समजेल.

आता ऑक्टोबर-नोव्हेंबरचं पाहा. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारपासून न्यू जर्सीच्या शाळांत ‘आदर सप्ताह’ असतो. मुलांनी एकमेकांना छळू नये म्हणून २०११ मध्ये राज्याने कडक कायदा लागू केला, त्यातच हा आठवडा नेमून दिलेला आहे. त्याच सुमारास अग्निसुरक्षा सप्ताह येतो. ९ ऑक्टोबर ज्या आठवड्यात पडतो तो. १८७१ सालच्या शिकागोच्या आगीची ती आठवण. त्या आठवड्यात एक दिवस अग्निशमनचा बंब शाळेच्या मैदानात येतो, मुलं रबरी नळी धरून बघतात, हेल्मेट घालून फोटो काढून घेतात. मला जे उशिरा कळलं ते असं की, न्यू जर्सीतल्या अनेक गावांत बंबावरचे ते जवान पगारी नसतातच. दिवसा कुणी प्लंबर, कुणी दुकानदार, कुणी संगणकवाला. भोंगा वाजला की गाडी काढून धावत सुटायचं. आग विझवायला ज्या समाजात शेजारी येतो, तिथे पुस्तकाच्या गल्ल्यावर आई बसते यात नवल नाही. स्वयंसेवा हा इथे सद्गुण कमी आणि सार्वजनिक व्यवस्थेचा भाग जास्त आहे. ती काढून घेतली तर अर्ध्या गोष्टी बंद पडतील.

३१ ऑक्टोबरला हॅलोविन. भुताखेतांचे पोशाख घालून मुलांची मिरवणूक निघते आणि पालक मैदानाच्या कडेने उभे राहतात. काही ठिकाणी आदल्या शनिवारी गाड्या ओळीने लावून, डिक्या सजवून, त्यातून मुलांना चॉकलेटं वाटतात. २०२४ मध्ये दिवाळी नेमकी याच दिवसांत आली होती. दारात भोपळा आणि पणती शेजारी-शेजारी, आणि चकल्यांच्या भाजणीचे हात तसेच ठेवून मुलाला सांगाड्याचा पोशाख चढवणारी आई, हे दृश्य आमच्या वसाहतीत घरोघर होतं. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना त्या वर्षापासून दिवाळीची सुट्टी मिळू लागली. त्यासाठीचा कायदा २०२३ च्या नोव्हेंबरात झाला. आमच्या राज्यात हा निर्णय गावोगावच्या शाळा मंडळांचा. एडिसनसारख्या, जिथे आपली वस्ती दाट आहे अशा गावांत शाळा बंद असते. शेजारच्या गावात चालू.

नोव्हेंबरात पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान. शाळांच्या व्यायामशाळेत मतदान केंद्र असलं की पीटीएच्या बायका दाराशी केक आणि बिस्किटांचं टेबल लावतात. मत देऊन बाहेर पडणारा गिऱ्हाईक म्हणून हमखास सापडतो. त्याच महिन्यात राज्यातल्या शिक्षकांचं अटलांटिक सिटीला अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्याआधी दोन-तीन आठवडे शाळेच्या दाराशी खोकी ठेवतात आणि गरजू कुटुंबांसाठी डबाबंद कडधान्यं, तांदूळ, शेवया गोळा होतात. खोकी मोजायची, गाडीत भरायची, अन्नपेढीवर पोचवायची, ही कामं पुन्हा त्याच तक्त्यात.

हे सगळं वाचून इथल्या शाळा म्हणजे सताड उघडे दरवाजे असा समज होईल. तसं नाही. दारावरचं बटण दाबायचं, कॅमेऱ्यासमोर कामाचं कारण सांगायचं, ओळखपत्र द्यायचं, छातीवर नावाची चिकटपट्टी लावायची, तेव्हा आत. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गोळीबारात गेली; तेव्हापासून हे पहारे आणखी कडक झाले. मुलांसोबत काम करायचं तर पुष्कळ ठिकाणी गुन्हेगारी नोंदींची तपासणीही करून घ्यावी लागते. आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात पोराला डबा द्यायला गेलेली आई खिडकीतून वर्ग बघून येते, गुरुजींशी दोन शब्द बोलते. इथे ते शक्य नाही. त्यामुळे तक्त्यातला तो चौकोन म्हणजे शाळा आतून बघायचा परवानाही असतो. पहिल्यांदा नाव मी त्याच हावरेपणाने घातलं होतं. पुस्तकांची सेवा वगैरे काही मनात नव्हतं. माझं पोरगं मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतं ते बघायचं होतं.

पुस्तक प्रदर्शनात त्या दिवशी माझ्याबरोबर एक तेलुगू आणि एक गुजराती बाई होती. तिघीही पदवीधर, दोघी इंजिनियर. अमेरिकेत नोकरीला आलेल्या माणसाची बायको बहुधा एच-४ व्हिसावर येते. २०१५ पर्यंत तिला इथे नोकरीची परवानगीच नव्हती. आजही ती मिळते ती ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्याच्या पुढे सरकलंय त्यांनाच. भारतीय बायका शाळेत फार मदत करतात, असं कौतुक आमच्याकडच्या सभांत ऐकू येतं. कौतुक खरं आहे, पण त्यामागे पगारी कामाला मज्जाव झालेल्या शिकलेल्या बायांचा वेळ आहे, हे कुणी बोलत नाही. फुकट मिळणारं मनुष्यबळ कुठून येतं हे विचारायला हवं, इथेही आणि तिथेही.

पैशाचं तेच. अमेरिकेत शाळेच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा साधारण दहावा हिस्सा. बाकी राज्य आणि गाव. न्यू जर्सीत घरपट्टी देशात सगळ्यांत जड, आणि तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग शाळेला जातो. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, हे ओघाने आलंच. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ॲबट विरुद्ध बर्क’ खटल्यात १९९० मध्ये राज्याला बजावलं की गरीब शहरांतल्या मुलांवर श्रीमंत उपनगरांइतकाच खर्च झाला पाहिजे. तो निकाल मोठा होता. पण पीटीएने जमवलेला पैसा त्या हिशोबात येत नाही. एका गावातला संघ मुलांच्या धावण्याच्या कार्यक्रमातून नवं खेळाचं मैदान उभारतो. दुसऱ्या गावात आई दोन ठिकाणी तासावर काम करते, तिचं नाव कुठल्याच चौकोनात नसतं, आणि शिक्षक वह्या स्वतःच्या खिशातून आणतात. तक्ता सगळ्यांना सारखाच येतो; मंगळवारी सकाळी साडेनऊला मोकळं कोण असतं, हा प्रश्न त्यात नसतो.

आणि या संघाला सत्ता किती? जवळजवळ शून्य. शिक्षक नेमणं, अंदाजपत्रक, वर्षाचं वेळापत्रक, हे सगळं निवडून आलेल्या शाळा मंडळाकडे. मंडळाचे सदस्य तीन वर्षांसाठी निवडून येतात, त्यांना मानधन नसतं, आणि त्यांच्या सभेत कुणीही गावकरी उभा राहून बोलू शकतो. पीटीएची आई मात्र केक विकते.

इथे धाराशिवच्या वाचकांनी जरा थांबावं. आपल्याकडे नेमकं उलट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश आई-वडील किंवा पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे गेलं ते बघायचं, असे हक्क कायद्याने लिहून दिलेले. इथल्या पीटीएला असं स्वप्नातही मिळायचं नाही. पण माझ्या ओळखीच्या गावांत समितीचा सदस्य म्हणजे रजिस्टरवर सही करणारा माणूस. सही घ्यायला शिपाई नाहीतर पोरगं घरी येतं, शेतात असला तर बांधावर. त्याला कुणी म्हणत नाही की, तात्या, बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ तुमची गरज आहे.

गावात सेवा करणारे हात नाहीत म्हणून हे होतं, असं कुणी सांगू नये. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेल्या माणसांना रस्त्यात चहा, फराळ, पायांना लावायला तेल, सगळं मिळतं. कुणी पत्रक काढत नाही, कुणी हजेरी घेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर सास्तूर, लोहारा भागात कुणाकुणाचे हात राबले ते त्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारावं. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पूर आला तेव्हाही शेजारचीच माणसं आधी पोचली. संकट आणि देवी, दोन्हींसाठी आपण न बोलावता जातो. शाळा मात्र १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला नाहीतर गॅदरिंगला बोलावते, आणि तेव्हाही खुर्चीवर बसायला.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी दोन्ही पद्धतींची सरमिसळ बघते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने अमेरिकेत गावोगाव अशा शाळा चालतात. अभ्यासक्रम आहे, परीक्षा होतात, आणि शिकवणारे सगळे बिनपगारी पालक. दिवाळीच्या आधीच्या रविवारी किल्ला करायचा असतो. इथली माती थंडीने घट्ट, मावळे भारतातून पिशवीत आणलेले. सुरुवातीला आम्ही आपल्या रीतीने ‘सगळ्यांनी या’ म्हणायचो. सगळे यायचे, पाच जण राबायचे, बाकीचे चहा पीत सूचना द्यायचे. मग कुणीतरी तक्ता केला: माती दोघं, पाणी एक, तटबंदी तिघं, सामान परत ठेवणं चौघं. रुसवेफुगवे झाले, ‘घरच्या कामाला तक्ता कसला’ हेही झालं. पण किल्ला दोन तासांत उभा राहिला.

म्हणून मला वाटतं, अमेरिकेकडून आपण केकचं टेबल घेऊ नये, हॅलोविन तर नकोच. तो तक्ता तेवढा घ्यावा. आणि त्याची सगळ्यांत जास्त गरज आपल्या शरदातच आहे. सोयाबीन निघतं, दिवाळी होते, आणि कळंब, वाशी, भूम, परंड्यातले कोयते ऊसतोडीसाठी गाव सोडतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. मागे राहिलेल्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जेवण तिथे, राहणं बहुधा आजी-आजोबांकडे, आणि ती चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवरच येते. स्वयंपाकाचा खर्च योजना देते. जेवणानंतर दोन तास पोरांना घेऊन बसायला माणूस मात्र ती देत नाही. सातवीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, हे मुख्याध्यापकांच्या आधी गल्लीतल्या बाईला ठाऊक असतं.

तेव्हा दसऱ्यानंतरच्या बैठकीत समितीच्या अध्यक्षांनी फळ्यावर रकाने आखावेत. कोणती कुटुंबं जाणार, त्यांची कोणती मुलं राहणार, ही यादी घरोघर फिरून करायला चार जण, दोन संध्याकाळी. सोमवार ते शुक्रवार अभ्यासाला बसायला रोज एक. बारावी झालेली पोरं गावात रिकामी आहेत, निवृत्त गुरुजी आहेत, वेळ संध्याकाळची ठेवली तर रानातून आलेला बापही बसू शकतो. आठवड्यातून एकदा आजीच्या घरी डोकावायला दोघी. दर रविवारी फडावरच्या आई-बापाला आपल्या मोबाइलवरून फोन लावून द्यायला एक. आणि शेवटचा रकाना भांडी घासून ठेवणाऱ्यांचा. तो बहुतेक रिकामाच राहील, तिथे अध्यक्षांनी स्वतःचं नाव आधी लिहावं. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू व्हायला अजून महिना तरी आहे.