बिनहाडाचा सांगाडा

‘त्याला कणाच नाही’ असे आपण दुबळ्या माणसाला म्हणतो. कणा म्हणजे हाड आणि हाड म्हणजे बळ, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. मुशी, म्हणजेच शार्क, हे गणित चुकवते. तिला कवटी आहे, जबडा आहे, कणाही आहे; हाड मात्र एकही नाही.

मग सांगाडा कशाचा? कूर्चेचा. आपल्या कानाचा वरचा भाग दुमडून पाहा. बोटांना लागते ती कूर्चा. ती हाडापेक्षा हलकी व लवचीक असते. मुशीच्या पोटात इतर माशांप्रमाणे हवेची पिशवी नसते. म्हणून हलका सांगाडा आणि तेलाने भरलेले मोठे यकृत तिला तरंगायला मदत करतात. कूर्चेवर चुन्याच्या क्षारांचे बारीक तुकडे फरशीसारखे बसलेले असतात, त्यामुळे जबडा कणखर होतो. दात हिरडीत रुजलेले असतात. एक पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो.

कूर्चा ही मागासलेल्या प्राण्याची खूण, असे पुष्कळ काळ मानले जाई. परंतु मंगोलियात सापडलेल्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या एका माशाच्या कवटीत हाड आढळले, हे २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यावरून असे दिसते की, मुशीच्या पूर्वजांना हाडे होती व पुढे ती गेली. म्हणजे ज्याला आपण उणीव समजत होतो, ती मागाहून आलेली सोय असावी.

मात्र एका बाबतीत मुशी खरोखर दुबळी आहे. सुरमई लाखो अंडी घालते. मुशीची पिले थोडी, आणि तीही उशिरा. काटेरी मुशीचा गर्भकाळ जवळजवळ २ वर्षांचा असतो. अशा माशाची बेसुमार मारेमारी करणे म्हणजे व्याज नव्हे, मुद्दलच खाणे. २०२१ च्या एका अभ्यासानुसार खुल्या समुद्रातील शार्क व पाकट १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटले.

भारतात २००१ साली व्हेल शार्कला कायद्याने संरक्षण मिळाले. पुढे गुजरातेत, जाळे कापून हा मासा सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याची भरपाई देण्याची योजना आली. मला त्यातले हे दुसरे पाऊल अधिक मोलाचे वाटते. समुद्राचे मुद्दल राखायचे तर त्याचा भार एकट्या कष्टकऱ्याच्या जाळ्यावर टाकून चालणार नाही.